हिवाळ्यात पास, मे महिन्यात फेल: ओव्हरक्लॉक केलेली रॅम उन्हाळ्यात का बिथरते

दिवाळीत मशीन बांधली, बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या सेटिंगच्या पानावर) एक्सएमपी, म्हणजे रॅम ठरलेल्या वेगापेक्षा जास्त पळवणारं सेटिंग, चालू केलं, रॅम ३६०० वर धावायला लागली. रात्रभर टेस्ट लावली, एकही एरर नाही. होळीपर्यंत सगळं उत्तम. मग मार्चच्या शेवटी एका दुपारी ब्लू स्क्रीन येते. चार दिवसांनी परत. एप्रिलमध्ये रोजचंच होऊन बसतं. मृगाचा पाऊस पडला की दुखणं आपोआप थांबतं आणि मालकाला वाटतं, विंडोजच्या अपडेटनं दुरुस्त झालं. पुढच्या मार्चमध्ये पुन्हा तेच.

वर्धा, यवतमाळ, चंद्रपूर, अकोला या पट्ट्यात ही तक्रार दर उन्हाळ्यात येते. लोक विंडोज नवीन टाकतात, ग्राफिक्स कार्ड बदलतात, काही जण धडधाकट रॅम विकून टाकतात. बहुतेक मशीनमध्ये यातलं काहीच लागत नाही. दोष असा असतो की रॅमचं सेटिंग जानेवारीच्या रात्री तपासलेलं असतं आणि काम मे महिन्याच्या दुपारी घेतलं जातं. आपल्याकडे मेमरी स्थिर आहे असं म्हणायचं असेल तर ती मे महिन्यातच सिद्ध व्हायला हवी. पण सेटिंगला हात लावण्याआधी दोष खरंच रॅमच्या वेगाचा आहे, लाईनचा आहे, की रॅमची एखादी पट्टी, म्हणजे स्टिकच, खराब आहे, हे वेगळं काढावं लागतं. तेच इथे क्रमाने सांगतो.

लक्षणं नीट वाचा

रॅम अस्थिर झाली की मशीन दर वेळी वेगळं कारण सांगते. आज ब्लू स्क्रीनवर ‘मेमरी मॅनेजमेंट’, उद्या ‘आयआरक्यूएल नॉट लेस ऑर इक्वल’, परवा ‘पेज फॉल्ट इन नॉनपेज्ड एरिया’. दर वेळी एकाच ड्रायव्हरच्या फाइलचं नाव येत असेल तर आधी तो ड्रायव्हर बघा, रॅमच्या मागे लागू नका. कारण रोज बदलत असेल तर मात्र रॅमवर संशय घ्यायला जागा आहे.

याहून भरवशाची खूण म्हणजे झिप फाइल. मोठी झिप उघडताना सीआरसी एरर (आतला डेटा जुळत नाही असा निरोप) येतो, आणि तीच फाइल, त्याच डिस्कवरून, दहा मिनिटांनी व्यवस्थित उघडते. फाइल खराब असती तर दोन्ही वेळा खराब निघाली असती. म्हणजे बिघाड डिस्कवर नाही, डिस्क आणि प्रोसेसर यांच्या मधल्या वाटेवर आहे, आणि त्या वाटेवर सगळ्यात मोठा मुक्काम रॅमचा. तसंच व्हिडिओचं एक्स्पोर्ट ८०-९० टक्क्यांवर येऊन तुटणं, गेम काहीही न सांगता थेट डेस्कटॉपवर पडणं, ब्राउझरचे टॅब एकेक करून मरणं. यातलं एखादं अधूनमधून झालं तर दुर्लक्ष चालेल. दुपारी होतं आणि सकाळी होत नाही असं दिसलं, तर तारीख, वेळ आणि खोलीचं तापमान वहीत लिहायला लागा. आठवड्याभरात ती वहीच निम्मं निदान करून देते.

सगळ्यात आधी डेटा

यावर मी दोन शब्द जास्त बोलणार, कारण नुकसान इथेच होतं. ब्लू स्क्रीन आली म्हणजे निदान मशीननं कबूल तरी केलं की काहीतरी चुकलं. रॅममधली चूक पुष्कळदा कबूल होतच नाही. एका बिटाचा शून्याचा एक होतो, तो तसाच फाइलमध्ये लिहिला जातो, आणि सेव्ह झाल्याचा निरोप येतो. लग्नाच्या फोटोंवर मधेच हिरवा पट्टा, स्कॅन केलेल्या सातबाऱ्याची पीडीएफ न उघडणं, टॅलीचा डेटा करप्ट होणं, हे महिन्या-दोन महिन्यांनी लक्षात येतं. तोवर बॅकअपमध्येही खराब फाइलच गेलेली असते.

म्हणून संशय आला त्याच दिवशी बायोसमध्ये जाऊन ‘लोड ऑप्टिमाइज्ड डिफॉल्ट्स’ करा. एक्सएमपी बंद, एएमडीच्या आसुस बोर्डावर त्याचं नाव डीओसीपी असेल तर ते बंद, रॅम डीडीआर५ पिढीची असेल तर एक्स्पो बंद. प्रोसेसरचं ओव्हरक्लॉक (वेग वाढवणं) किंवा अंडरव्होल्ट (व्होल्टेज उतरवणं) केलं असेल तर तेही काढा. मगच डेटा बाहेरच्या डिस्कवर कॉपी करा. अस्थिर मशीनवर बॅकअप घेऊ नका, बायोस अपडेट तर अजिबात नको, विंडोजचं मोठं अपडेटही पुढे ढकला.

आता याच डिफॉल्ट वेगावर, त्याच दुपारच्या वेळी, तेच काम चार-सहा दिवस करून बघा. दुखणं थांबलं तर दोष ओव्हरक्लॉकमध्ये आहे, पुढे वाचा. डिफॉल्टवरही चालूच राहिलं, तर वेगाचा प्रश्न नाही. स्टिक, स्लॉट, पीएसयू (मशीनला वीज देणारा डबा) किंवा बोर्ड यांपैकी काहीतरी आजारी आहे. त्याचं खाली येईलच.

लाईनचा दोष आणि रॅमचा दोष

गावात मशीन बंद पडली की पहिला आरोप लाईनवर जातो, आणि पुष्कळदा तो खराही असतो. थ्री फेज आली की शेतातल्या मोटरा एकदम सुरू होतात, डीपीवर लोड येतो, घरातला पंखा मंदावतो. पण लाईनमुळे पडलेली मशीन आणि रॅममुळे पडलेली मशीन वेगवेगळ्या दिसतात. व्होल्टेज कोसळलं तर मशीन चटकन बंद होते किंवा स्वतःहून रीस्टार्ट होते, ब्लू स्क्रीन दाखवायला तिला वेळच मिळत नाही. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ‘कर्नल-पॉवर ४१’ अशी नोंद असते, आणि तिच्या तपशिलात बगचेक कोड (ब्लू स्क्रीनचा क्रमांक) शून्य असतो. कोड शून्य नसेल तर विंडोज पडण्याआधी काहीतरी बोलली आहे. तेव्हा लाईनला सोडा आणि ब्लू स्क्रीनच्या कोडाकडे वळा. एक सावधगिरी: मशीन पूर्ण गोठली आणि तुम्ही बटण दाबून बंद केली, तरी कोड शून्यच येतो. त्यामुळे ती कशी पडली हे डोळ्यांनी बघितलेलं असावं.

पीएसयूच्या लेबलवर इनपुट बघा. १००-२४० व्होल्ट लिहिलेला पीएसयू घरातलं व्होल्टेज १७० वर आलं तरी आपलं काम करत राहतो. २००-२४० किंवा नुसतं २३० लिहिलेला स्वस्त पीएसयू तिथे धापा टाकतो. लाईन ट्रिप होऊन यूपीएसवर जाण्याचा क्षण हाही महत्त्वाचा आहे. चांगला पीएसयू पूर्ण लोडवर साधारण १६ मिलिसेकंद तग धरतो आणि साधा यूपीएस त्याच्या आत बदलतो. घरच्या इन्व्हर्टरवर कॉम्प्युटर चालवत असाल तर मागचं किंवा पुढचं बटण ‘यूपीएस’ मोडवर आहे ना, ते बघा. साध्या मोडवर इन्व्हर्टर जास्त वेळ घेतो, तेवढ्यात मशीन पडते आणि आळ रॅमवर येतो.

लाईनचा आणखी एक धोका सांगतो. डीपीकडून येणारा न्यूट्रल तुटला की घरात २३० च्या जागी ३०० च्या वर व्होल्टेज येऊ शकतं. त्यात टीव्ही, फ्रिज, पीएसयू सगळं जातं. हाय कट-ऑफ असलेला स्टॅबिलायझर त्यासाठी लावायचा. रॅमच्या स्थिरतेशी त्याचा संबंध नाही, पण मशीनच जळाली तर रॅम ठेवणार कुठे?

अर्थिंगचंही तेच. उन्हाळ्यात काळी माती आटते, भेगा पडतात, अर्थिंगच्या रॉडला ती सोडून देते. मग कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येतात, कारण पीएसयूमधल्या फिल्टरचा बारीक करंट जमिनीत जायच्या ऐवजी पत्र्यावर येतो. खड्ड्यात पाणी ओतून ओल टिकवा, वायरमनकडून अर्थिंग तपासून घ्या. एवढ्यानं रॅमचे एरर जातील असं कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. पण रॅम हातात घेताना हेच अर्थिंग कामाला येतं, ते पुढे सांगतो.

उष्णता रॅमचं काय करते

डीडीआर४ चा मानक व्होल्टेज १.२. जेडेक या संस्थेनं ठरवलेले वेग १६०० पासून ३२०० पर्यंत. पाकिटावर ३६०० लिहिलेलं असतं तो एक्सएमपीचा वेग, आणि तो बहुधा १.३५ व्होल्टवर मिळतो. दुकानात कोणी सांगत नाही, पण एक्सएमपी चालू करणं हेच ओव्हरक्लॉकिंग आहे. स्टिक बनवणाऱ्यानं स्टिकची हमी दिलेली असते, तुमच्या प्रोसेसरमधल्या मेमरी कंट्रोलरची (रॅम हाताळणाऱ्या भागाची) नाही. रायझन ५ ५६००जी घ्या किंवा इंटेलचा आय५-१२४०० घ्या, डीडीआर४ साठी कंपनीचा अधिकृत आकडा ३२०० च आहे. त्यावरचं सगळं तुमच्या नशिबाच्या चिपवर.

रॅमचा प्रत्येक बिट म्हणजे एक इवलासा कपॅसिटर. त्यातला चार्ज सतत झिरपतो, माठातून पाणी झिरपावं तसा. म्हणून रॅम स्वतःला पुन्हा पुन्हा भरत राहते. सगळ्या ओळी ६४ मिलिसेकंदांत एकदा भरून झाल्या पाहिजेत, त्यासाठी दर ७.८ मायक्रोसेकंदाला एक रिफ्रेश. तापमान वाढलं की झिरपणं वाढतं. म्हणूनच चिप ८५ अंशांच्या वर गेली तर रिफ्रेश दुप्पट वेगानं करावा, असं मानकातच लिहिलेलं आहे. आपली रॅम ८५ पर्यंत जात नाही. पण मानक वेगावर जी मोकळीक ठेवलेली असते ती ओव्हरक्लॉकमध्ये आपणच खाऊन टाकलेली असते. टायमिंग (रॅमच्या एकेका कामामधलं थांबणं) घट्ट केलेले असतील तर स्टिक ४८-५० अंशांवरच चुका करायला लागते. सॅमसंगच्या बी-डाय चिप तर यासाठी प्रसिद्धच आहेत: टायमिंग फार घट्ट बसतात, आणि गरम झाल्या की त्याच सगळ्यात आधी बिथरतात.

आता आपल्या खोलीचा हिशेब करा. बाहेर ४५, टिनाखालच्या खोलीत ४१-४२. कॅबिनेटच्या आत त्याहून दहा-बारा जास्त. ग्राफिक्स कार्ड लोडवर असेल तर त्याची गरम हवा वर चढून थेट स्टिकवर येते. जानेवारीत ३२ अंशांवर पास झालेली स्टिक इथे ५५ च्या वर असते. सेटिंग तेच, स्टिक तीच, बदललं फक्त तापमान.

एक गोष्ट ध्यानात ठेवा. टिनाची खोली दुपारी दोन ते चार या वेळात सगळ्यात तापलेली असते. स्लॅबचं तसं नाही. स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि संध्याकाळी सोडतो, त्यामुळे वरच्या मजल्यावरची मशीन रात्री आठ-नऊला पडते. मालक म्हणतो, “भाऊ, आता तर ऊनही नाही, तरी बंद पडून रायली.” छताला हात लावून बघा, कारण कळेल.

कॅबिनेट बाहेर काढा

सेटिंगच्या आधी हवा. एचडब्ल्यूइन्फो नावाचं फुकट सॉफ्टवेअर टाका. सेन्सर असलेल्या डीडीआर४ स्टिकचं तापमान त्यात दिसतं, डीडीआर५ मध्ये तर सेन्सर असतोच. सेन्सर नसेल तर भिंतीवरचा डिजिटल थर्मामीटर कॅबिनेटच्या पुढच्या जाळीपाशी ठेवा, आत जाणारी हवा किती गरम आहे ते कळेल.

आपल्याकडच्या कॉम्प्युटर टेबलांना खाली कपाटासारखा कप्पा असतो, समोर दार, मागे प्लायवुड. कॅबिनेट त्यात घुसवलेलं असतं. तिथे गरम हवा बाहेर जायला जागाच नाही, तीच हवा पुन्हा पुढून आत ओढली जाते. हिंगणघाटकडच्या एका पोराची मशीन अशीच होती. लग्नाचे व्हिडिओ एडिट करतो, मे महिन्यात सगळ्यात जास्त काम, आणि नेमकं तेव्हाच एक्स्पोर्ट तुटायचं. एक्स्पोर्ट सुरू केल्यावर आम्ही स्टिकचं तापमान बघत बसलो. ४९ वर मशीन ठीक, ५३ ला पहिला एरर, ५६ ला ब्लू स्क्रीन. कप्प्यातून काढून कॅबिनेट टेबलावर ठेवलं, पुढची जाळी उघडली, तर आत रुईचा पातळ थर बसलेला. गाव जिनिंगचं, हंगामात हवेत कापसाचे तंतू उडतात, ते जाळीला चिकटतात आणि लांबून धूळही दिसत नाही. नखानं ओढला तर सगळा थर कापडासारखा निघून आला. जागा बदलून आणि जाळी साफ करून स्टिक ५० च्या खाली आली, आणि त्या मशीनचं सेटिंग बदलायची गरजच पडली नाही.

सोयाबीनची मळणी जवळ होत असेल तर ऑक्टोबरात एकदा आणि फेब्रुवारीत एकदा सफाई करा. पंखे हातानं धरून ब्लोअर मारा, ते मोकळे गरगर फिरू देऊ नका.

कूलरबद्दल पुष्कळ जण विचारतात. आपली हवा कोरडी, त्यामुळे कूलर उन्हाळ्यात खोली चांगलीच थंड करतो आणि कॉम्प्युटरलाही त्याचा फायदा होतो. फक्त कॅबिनेट कूलरच्या थेट झोतात नको. ताट्या नीट बसलेल्या नसतील तर पाण्याचे बारीक थेंब उडतात, आणि आपलं बोअरचं पाणी क्षाराचं. हे क्षार बोर्डावर आणि स्लॉटच्या पिनांवर बसतात. कूलर खोलीच्या एका टोकाला, मशीन दुसऱ्या टोकाला, मधे खिडकी उघडी. जमलं तर रॅमवर नेमका वारा येईल असा एक छोटा पंखा आत लावा. रॅमसाठी इतका स्वस्त आणि इतका उपयोगी दुसरा उपाय मला माहीत नाही.

स्टिक आणि स्लॉट

मशीन बंद करा, प्लग सॉकेटमध्येच राहू द्या, सॉकेटचं बटण बंद. कॅबिनेटच्या उघड्या धातूला हात लावून मगच स्टिकला हात लावा. मे महिन्यात हवा इतकी कोरडी असते की अंगावरची स्थिर वीज सहज चिप मारते, आणि अर्थिंग चांगलं असेल तरच ती वीज जमिनीत जाते. झिणझिण्या येणाऱ्या कॅबिनेटवर हे करू नका, आधी अर्थिंग नीट करून घ्या.

दोन स्टिक असतील तर चार स्लॉटच्या बोर्डावर प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये बसवा, म्हणजे ए२ आणि बी२. जास्त वेगासाठी बहुतेक बोर्ड याच जोडीवर तयार केलेले असतात. पहिल्या आणि तिसऱ्यात लावलेली जोडी ३२०० ला चालते आणि ३६०० ला रडते, हे नेहमी दिसतं. चार स्टिक लावल्या की कंट्रोलरवरचा भार वाढतो, तिथे पाकिटावरच्या वेगाची आशा धरू नका. आणि आठ जीबीची एक आधीची, एक नंतर घेतलेली, अशी जोडी लावली असेल तर नाव-नंबर सारखे असूनही आतल्या चिप वेगळ्या असू शकतात. सीपीयू-झेड या सॉफ्टवेअरच्या एसपीडी टॅबमध्ये दोन्ही स्लॉट बघा. टायमिंग वेगळे दिसले, तर जोडी नाहीच ती.

खोडरबरनं सोनेरी पट्ट्या घासायची आपल्याकडे पद्धत आहे. घासायचं असेल तर मऊ रबर घ्या, एकाच दिशेनं हलकेच, आणि नंतर आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या स्वच्छ कापडानं कण पुसून टाका. रबराचा भुगा स्लॉटमध्ये गेला तर नवीन दुखणं सुरू.

टेस्ट कधी आणि कशी

विंडोजची स्वतःची मेमरी टेस्ट फार वरवरची आहे, तिच्या भरवशावर राहू नका. पेनड्राइव्हवरून मेमटेस्ट८६ किंवा मेमटेस्ट८६+ चालवा, पूर्ण चार पास. हे स्टिक खराब आहे का ते सांगतं. पण त्यावेळी ग्राफिक्स कार्ड थंड बसलेलं असतं, म्हणून ओव्हरक्लॉकची खरी परीक्षा विंडोजमध्येच होते. टेस्टमेम५ या सॉफ्टवेअरमध्ये अँटा७७७ चं एक्स्ट्रीम कॉन्फिग (तयार सेटिंगची फाइल) लावा, किंवा पैसे खर्चायची तयारी असेल तर कारहू. त्यानंतर प्राइम९५ चं लार्ज एफएफटी किंवा वाय-क्रंचर, आणि सोबत ग्राफिक्स कार्डवरही लोड द्या, म्हणजे कॅबिनेटमधली हवा खऱ्या कामाइतकी तापेल.

आणि वेळ: टिनाखाली असाल तर दुपारी, स्लॅबखाली असाल तर संध्याकाळी. नवतपा, म्हणजे २५ मे पासूनचे नऊ दिवस, मिळाला तर त्यासारखी टेस्ट नाही. हिवाळ्यातच मशीन तयार करायची असेल तर कॅबिनेटचे पुढचे पंखे मंद करून स्टिक ५५ पर्यंत तापवा आणि मग टेस्ट लावा. एकही एरर चालणार नाही. “तीन तासांत एकच आला” म्हणजे पास नाही.

एरर आला तर एकेक स्टिक काढून, एकाच स्लॉटमध्ये, डिफॉल्ट वेगावर टेस्ट करा. एकच स्टिक डिफॉल्टलाही चुकत असेल तर ती खराब आहे, सेटिंग करत बसू नका. स्टिकवर सहसा लांब वॉरंटी असते. डिफॉल्टवर आलेल्या एररचा फोटो काढा, बिल शोधा आणि जोडी असेल तर दोन्ही स्टिक घेऊन दुकानात जा. ओव्हरक्लॉकवर आलेला एरर दाखवलात तर कोणी ऐकून घेणार नाही.

सेटिंग एक पायरी खाली

हवा सुधारली, स्लॉट बरोबर, स्टिक चांगली, तरी एक्सएमपीवर मे महिन्यात एरर येतोच. आता बायोस.

बहुतेक लोक इथे व्होल्टेज वाढवतात. थोडं चालतं: १.३५ चं १.३७ किंवा १.३८. पण व्होल्टेज वाढलं की स्टिक आणखी तापते, आणि आपला आजारच तापण्याचा आहे. म्हणून मी आधी वेग उतरवतो. ३६०० चं ३४६६, मग ३३३३, मग ३२००. वेग गमावल्याचं वाईट वाटत असेल तर हा हिशेब करा: सीएल (टायमिंगमधला पहिला आकडा) गुणिले २००० भागिले वेग. ३६०० ला सीएल १८ म्हणजे १० नॅनोसेकंद. ३२०० ला सीएल १६ म्हणजे तेही १० नॅनोसेकंद. पहिला डेटा हाती यायला लागणारा वेळ तोच राहिला. बँडविड्थ कमी होते, ती फोटो, हिशेब, ब्राउझर यांत जाणवत नाही. इनबिल्ट ग्राफिक्सवर गेम खेळत असाल तर फ्रेम कमी झालेल्या दिसतील, कारण ते ग्राफिक्स रॅमवरच जगतं.

रायझनवर आणखी एक बघायचं. ३००० आणि ५००० मालिकेत इन्फिनिटी फॅब्रिकचा (प्रोसेसरच्या आतले भाग जोडणाऱ्या वाटेचा) वेग, एफसीएलके, मेमरीच्या निम्मा ठेवायचा असतो: ३६०० ला १८००. १८०० बहुतेक चिपना जमतं, १९०० सगळ्यांना जमत नाही. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ‘व्हीया-लॉगर १९’ च्या नोंदी साचत असतील तर दोष स्टिकचा नसून फॅब्रिकचा असण्याची शक्यता जास्त. एफसीएलके उतरवा, एसओसी व्होल्टेज (मेमरी कंट्रोलरला मिळणारं) १.०५ ते १.१ च्या आसपास ठेवा. डीडीआर५ च्या एएम५ बोर्डावर एसओसी १.३ च्या वर कधीही नको. २०२३ मध्ये काही रायझन ७००० प्रोसेसर जळाल्यानंतर एएमडीनं ही मर्यादा घातली. तेव्हाचा जुना बायोस असेल तर मशीन डिफॉल्टवर स्थिर असताना, यूपीएस चार्ज असताना, तो अपडेट करून घ्या.

हातानं टायमिंग लावले असतील तर टीआरएफसी (एका रिफ्रेशला दिलेला वेळ) सैल करा. आणि कुठल्या व्हिडिओत बघून टीआरईएफआय ३२७६७ किंवा ६५५३५ केलं असेल तर ते आधी ऑटोवर आणा. ते वाढवणं म्हणजे रिफ्रेश लांबवणं. उष्णतेत चार्ज लवकर झिरपतो आणि आपण भरतो मात्र उशिरा. एसीच्या खोलीतल्या माणसाला ते परवडतं, आपल्याला नाही. कमांड रेट १टी असेल तर २टी, किंवा एएमडीवर गिअर डाऊन मोड चालू. एका वेळी एकच बदल, आणि प्रत्येक बदलानंतर टेस्ट. दोन बदल एकदम केले की कशानं गुण आला ते कळत नाही.

बायोसमध्ये सेटिंग साठवायला प्रोफाइलचे कप्पे असतात. एकात ३२०० चं सेटिंग ‘उन्हाळा’ नावानं, दुसऱ्यात ३६०० चं ‘हिवाळा’. होळीला एक लावायचं, दिवाळीला दुसरं. ज्यांचं पोट मशीनवर आहे त्यांनी दुसऱ्याच्या फंदात न पडता बारा महिने पहिलंच ठेवलं तर मी त्याला शहाणपण म्हणेन.

सेटिंग एकदा टिकतं, एकदा गायब होतं, घड्याळही मागे जातं, असं असेल तर बोर्डावरचा सीआर२०३२ सेल बदला. लाईन जास्त वेळ गेली आणि सेल उतरलेला असला की बायोस डिफॉल्टवर येतो. मग मशीन आठवडाभर छान चालते, तुम्ही पुन्हा एक्सएमपी लावता, आणि पुन्हा पडते. अशा मशीनमध्ये निदान कधीच जुळत नाही.

टिकल्यावर मागचं तपासा

मशीन भर उन्हाळ्यात टेस्ट पास झाली की अस्थिर काळात जे लिहिलं गेलं ते तपासायचं. अ‍ॅडमिन कमांड प्रॉम्प्टवर आधी डीआयएसएमचं ‘रिस्टोअर हेल्थ’ आणि मग एसएफसीचं ‘स्कॅन नाऊ’ चालवा, विंडोजच्या बिघडलेल्या फाइल त्यानं नीट होतात. डिस्कवर एकदा चेकडिस्क. वहीत लिहिलेल्या तारखांच्या दरम्यान बनवलेल्या झिप फाइलवर ‘टेस्ट’ द्या, पीडीएफ उघडून शेवटच्या पानापर्यंत बघा, फोटोंचे थंबनेल नव्यानं बनू द्या म्हणजे खराब फोटो लगेच नजरेत येतात. एक्स्पोर्ट केलेले व्हिडिओ ग्राहकाला दिले असतील आणि मूळ फुटेज शाबूत असेल तर पुन्हा एक्स्पोर्ट करून द्या. कॅमेऱ्याची कार्डं मात्र हे सगळं होईपर्यंत फॉरमॅट करू नका.